आमचं आपलं : सर्व्हिसिंगहून परतलेलं घड्याळ



मागच्या अंकात आम्ही कढीपत्त्याच्या रोपावर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. मेलबर्नच्या एका वाचकांनी मात्र कढीपत्त्याचा विषय दोन ओळींत आटोपून भलताच प्रश्न विचारला. "दहा वर्षं विनातक्रार चालणारं ऑटोमॅटिक घड्याळ, केवळ वेळ झाली म्हणून कंपनीकडे सर्व्हिसिंगला दिलं. परत आल्यापासून ते धड चालत नाही. असं कसं होतं? आणि आता आम्ही करायचं काय?"

पत्र वाचून आम्हाला हसू आलं आणि पोटात कालवलंही. कारण गेल्या वर्षी आम्ही याच वाटेने जाऊन आलो. तेव्हा या वेळी आमचं आपलं घड्याळपुराण.

आमच्या वडिलांचं एक स्विस ऑटोमॅटिक घड्याळ आहे. १९६८ साली लग्नात आमच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, ते जावयाला दिलं. तेव्हा जावयाला घड्याळ आणि सायकल देण्याची पद्धत होती. सायकल वडिलांकडे होती, म्हणून घड्याळ जरा भारीतलं आलं. आजोबांनी साताऱ्याच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून त्याच्या मागच्या झाकणावर अक्षरं घालून घेतली होती : "चि. जावईबापूंस सप्रेम भेट", आणि खाली साल. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ठोकून ठोकून ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं घालत, तशीच ही अक्षरं. जरा तिरकी, पण स्पष्ट.

वडील गेल्यावर घड्याळ आमच्याकडे आलं. दिवसाला दोनेक मिनिटं मागे पडायचं. तारीख अडकायची. सौ. म्हणाल्या, "अहो, एवढी आठवण आहे, तर कुठल्या तरी दुकानात कशाला देता? चांगलं कंपनीतच द्या." आम्हालाही ते पटलं. इथल्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये घड्याळ दिलं. (कंपनीचं नाव लिहायचं नाही अशी संपादकांची सक्त ताकीद आहे आणि ती योग्यच आहे.) खर्चाचा अंदाज आला तो असा की, त्यात आमच्या आजोबांनी लग्नाचा सगळा मांडव घातला असता. तरी सही केली.

अकरा आठवड्यांनी घड्याळ आलं. मखमली पिशवीत, दोन वर्षांच्या वॉरंटीच्या कार्डासकट, आणि इतकं झगझगीत की क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाचं दिलं की काय! चार दिवस आम्ही बाही वर करून हिंडलो. पाचव्या दिवशी सकाळी पाहिलं तर काटे पाच वाजून दहा मिनिटांवर थांबलेले. म्हटलं, आदल्या दिवशी कमी हालचाल झाली असेल. पण मग हे रोजचंच झालं. रात्री दहाला काढून ठेवावं आणि पहाटे कधीतरी त्याने मान टाकावी.

सर्व्हिस सेंटरला पत्र लिहिलं. उत्तर आलं : घड्याळ तपासणीत उत्तम चालत होतं, ऑटोमॅटिक घड्याळाला चावी मिळायला पुरेशी हालचाल लागते, आपली दैनंदिन हालचाल कमी पडत असावी.

सौ.नी ते पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, "हे मी वीस वर्षं सांगतेय. त्यांना एका पत्रात कळलं."

आता विनोद बाजूला ठेवून, सर्व्हिसिंगनंतर घड्याळ बिघडतं तरी कसं, ते पाहू.

यांत्रिक घड्याळाचं पूर्ण सर्व्हिसिंग म्हणजे नुसतं तेलपाणी नव्हे. घड्याळजी ते पार खोलतो. चाकं, स्प्रिंग, माणकं, स्क्रू सगळं वेगळं करून धुतो, झिजलेलं बदलतो, पुन्हा जोडतो. तेलही एकाच प्रकारचं नसतं. वेगाने फिरणाऱ्या बारीक आसाला पातळ तेल, जोर सोसणाऱ्या जागी घट्ट तेल किंवा ग्रीस, आणि काही जागा मुद्दाम कोरड्या. थेंब सुईच्या टोकाएवढा. तो जास्त झाला तरी बिघाड, कमी झाला तरी बिघाड. नेहमीच्या घड्याळांत बॅलन्सचं चाक तासाला २१,६०० किंवा २८,८०० ठोके देतं. म्हणजे दिवसाला पाच लाख अठरा हजारांच्या वर, नाहीतर सहा लाख एक्याण्णव हजारांच्या वर. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यात दहा सेकंदांची चूक म्हणजे दहा हजारांत जेमतेम एक. इतकं नाजूक यंत्र खोलून पुन्हा जोडल्यावर एखादी गोष्ट राहून जाणं हे आश्चर्य नाही, मग ते काम कंपनीत होवो नाहीतर गल्लीत. फरक पडतो तो राहून गेलेली गोष्ट कोण आणि कशी दुरुस्त करून देतो त्यात.

नेहमी आढळणाऱ्या तक्रारी आणि त्यांचे अर्थ थोडक्यात असे :

घड्याळ एकदम मिनिटामिनिटांनी पुढे पळू लागलं, तर पहिला संशय लोहचुंबकाचा. बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकाने भारली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावतं. फोनचे स्पीकर, टॅब्लेटची कव्हरं, पर्सची चुंबकी बटणं, फ्रिजवरची खेळणी, सगळीकडे चुंबक आहेत. घड्याळ होकायंत्राजवळ हळूच नेऊन पाहा. सुई बिचकली तर संशय पक्का समजा. चुंबकत्व काढायला घड्याळजीला अर्धं मिनिट पुरतं आणि घड्याळ उघडावंही लागत नाही. म्हणजे सर्व्हिसिंगला दोष देण्याआधी आपला फ्रिज तपासावा.

चुंबक नसेल आणि पूर्ण चावी दिल्यावर पहिले काही तासच घड्याळ सुसाट धावत असेल, तर नवी मुख्य स्प्रिंग गरजेपेक्षा जोरदार बसली असण्याची शक्यता असते. बॅलन्सचा झोका इतका मोठा होतो की तो फिरून उलट बाजूने आपटतो. कान लावला तर टिकटिक न येता घोडा दौडल्यासारखा आवाज येतो. हा सर्व्हिसिंगचाच दोष.

तारीख दुपारी बारा वाजता बदलते? तर तो दोष आपला. काटे बारा तास पुढे फिरवा, काम झालं. रात्री साडेदहालाच बदलते किंवा अर्धवट लटकते, तर काटे बसवताना किंवा तारखेच्या चाकात चूक झाली आहे. एक लक्षात ठेवा, साधारण रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात चावीने तारीख पुढे ढकलू नये. त्या वेळी आतली चाकं तारखेच्या चकतीत गुंतलेली असतात. जोर केला तर दाते तुटतात आणि मग "सर्व्हिसिंगनंतर बिघडलं" हे म्हणणं खरं राहत नाही.

रोज ठराविक वेळीच घड्याळ अडतं, तर काटे एकमेकांना किंवा तबकडीला घासताहेत का ते दाखवून घ्या.

काचेच्या आत वाफ दिसली, तर थांबू नका. झाकणाची किंवा चावीची रबरी कडी नीट बसलेली नाही. गंज चढायला फार दिवस लागत नाहीत. ते घड्याळ त्याच दिवशी नेऊन द्यावं. आपल्याकडे पोरं घड्याळासकट थेट समुद्रात शिरतात म्हणून सांगतो : सर्व्हिसिंगनंतर पाण्याच्या दाबाची चाचणी झाली का आणि किती दाबापर्यंत झाली, हे लेखी मागा. जुन्या घड्याळाला समुद्र दाखवूच नये.

आणि रात्री बंद पडणं, म्हणजे आमची तक्रार. याची दोन मुख्य कारणं. एक, मुख्य स्प्रिंगमध्ये किंवा चाकांच्या साखळीत जोर कमी पडतोय. दोन, आतलं अर्धचंद्राकृती वजन, ज्याला रोटर म्हणतात, ते फिरतं पण त्याची चावी स्प्रिंगपर्यंत पोचत नाही. रोटर दोन्ही बाजूंना फिरला तरी स्प्रिंग एकाच दिशेने गुंडाळली जावी म्हणून मधे उलटसुलट चालणारी छोटी चाकं असतात. त्यांत तेल जास्त झालं की ती चिकटतात आणि रोटर नुसताच गरगरतो.

हे दोन दोष घरबसल्या वेगळे ओळखता येतात, तेही घड्याळ न उघडता. आम्ही केलं ते असं. शुक्रवारी रात्री हाताने पूर्ण चावी दिली, साधारण पस्तीस-चाळीस फेरे. (ऑटोमॅटिकला हाताने जास्त चावी देऊन स्प्रिंग तुटत नाही, भरली की ती आतल्या आत घसरते.) घड्याळ तबकडी वर करून टेबलावर ठेवलं, कोणी हात लावला नाही. ते एकोणचाळीस तास चाललं. त्या जातीच्या घड्याळाने साधारण चाळीस तास चालावं. म्हणजे स्प्रिंग ठीक, चाकं ठीक.

मग ते थांबू दिलं, थोडीशी चावी देऊन चालू केलं आणि चिरंजीवांच्या मनगटावर बांधलं. चिरंजीव शनिवारी क्रिकेट खेळतात, रविवारी धावतात, आणि घरात असले तरी त्यांचा एक पाय जिन्यावर असतो. दोन दिवस घातलं. दोन्ही रात्री घड्याळ पहाटेच्या आत थांबलं. आता हालचालीचा मुद्दा निकालात निघाला. आम्ही सौ.ना ते कागद दाखवले. त्या म्हणाल्या, "घड्याळाचं सिद्ध झालं. तुमचं नाही."

मंडळी, या लेखातलं सगळ्यात उपयोगी वाक्य हेच की, टिपण ठेवा. एका वहीत तारीख, वेळ, घड्याळ किती पुढे-मागे, रात्री कसं ठेवलं होतं, कधी थांबलं. निदान आठवडाभर. घड्याळ तबकडी वर ठेवलं तर वेगळं चालतं, चावी वर करून उभं ठेवलं तर वेगळं. हा फरक थोडा असतोच. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देताना यंत्र पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासतात आणि तिथेही दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी सूट असतेच. त्यामुळे साध्या घड्याळाचे पंधरा सेकंद ही तक्रार होत नाही. ते रोज थांबणं मात्र होते. "घड्याळ नीट चालत नाही" असं लिहिलं तर उत्तर येतं, "तपासणीत ठीक आहे." सात दिवसांचं टिपण पाठवलं तर समोरच्याला घड्याळ उघडावंच लागतं.

आता कायद्याचं. वॉरंटीच्या कार्डावर जे छापलेलं असतं तेवढाच आपला हक्क, असा आपल्याकडे सरसकट समज असतो. भारतात "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी वाचत मोठे झालेले आपण! ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०११ पासून देशभर एकच ग्राहक कायदा आहे. त्यात वस्तूंबरोबर सेवांनाही हमी आहे. काम पुरेशा काळजीने आणि कौशल्याने झालं पाहिजे, ज्या हेतूसाठी दिलं तो साधला पाहिजे, आणि मुदत ठरली नसेल तर ते वाजवी वेळात झालं पाहिजे. घड्याळाचं सर्व्हिसिंग ही सेवाच. ही हमी कार्डावरच्या वॉरंटीच्या व्यतिरिक्त असते. कार्डावर काहीही लिहून ती काढून घेता येत नाही. दोष किरकोळ असेल तर दुकानदाराला तो दुरुस्त करायची संधी द्यावी लागते. मोठा असेल तर पैसे परत मागता येतात.

हे नुसतं पुस्तकात नाही. जून २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने ॲपल कंपनीला ९० लाख डॉलर दंड ठरवला. बाहेरच्या माणसाकडून पडदा वगैरे दुरुस्त करून घेतला म्हणून कंपनीने निदान २७५ ग्राहकांना सांगितलं होतं की, तुमच्या बिघडलेल्या फोनचं आम्ही काही करणार नाही. कोर्टापुढे ते टिकलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये फिटबिट कंपनीला १ कोटी १० लाख डॉलर दंड झाला. तेही मनगटावर बांधायचंच यंत्र. बिघडलेल्या यंत्राबद्दल ग्राहकांना त्यांचे हक्क चुकीचे सांगितले, हाच तिथेही मुद्दा होता.

दाद मागायची पायरी अशी : आधी दुकानाला लेखी कळवा, टिपण जोडा, काय हवंय ते आणि वाजवी मुदत लिहा. नाही ऐकलं तर राज्याचं ग्राहक खातं. न्यू साउथ वेल्समध्ये फेअर ट्रेडिंग, व्हिक्टोरियात कन्झ्युमर अफेअर्स, क्वीन्सलँडमध्ये ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग. त्यापुढे राज्याचं ट्रायब्युनल. तिथे आपली बाजू आपल्याला मांडता येते. ए.सी.सी.सी. मोठ्या कंपन्यांना कोर्टात खेचते, पण तुमचं-आमचं एकेकट्याचं भांडण सोडवत नाही, म्हणून तिकडे अर्ज करून वाट बघत बसू नये.

आम्हाला एवढं करावं लागलं नाही. दुसऱ्या पत्रात चिरंजीवांच्या क्रिकेटसकट टिपण पाठवलं आणि कायद्याचं एक वाक्य घातलं. आठ दिवसांत फोन आला : घड्याळ घेऊन या, खर्च काही नाही. पाच आठवड्यांनी परत मिळालं. कागदावर लिहिलं होतं, ऑटोमॅटिक चावीचा भाग पुन्हा साफ केला, एक चाक बदललं. त्या दिवसापासून ते एकदाही थांबलेलं नाही. दिवसाला नऊ-दहा सेकंद पुढे जातं, आम्ही बसल्या जागी असलो तरी.

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं.

पहिल्यांदा घड्याळ आलं तेव्हा आम्ही त्याची तबकडी पाहिली, काच पाहिली, पट्टा पाहिला. मागची बाजू पाहिलीच नाही. थांबण्याच्या भानगडीत ती पाहिली ती जवळजवळ दोन आठवड्यांनी. झाकण आरशासारखं लखलखत होतं. "चि. जावईबापूंस" ही ओळ नव्हती. "सप्रेम भेट" यातला एखादा ठिपका तिरप्या उजेडात दिसे. साल तेवढं खाली कडेला राहिलं होतं, १९६८.

आम्ही सर्व्हिस सेंटरला विचारलं. त्यांनी आम्ही सही केलेला कागद काढून दाखवला. त्यावर बारीक अक्षरांत होतं, केस आणि पट्टा पॉलिश करणे. सही आमचीच. तिथल्या मुलीने मनापासून दिलगिरी व्यक्त केली आणि म्हणाली, तंत्रज्ञाला ते ओरखडे वाटले असतील.

राग यायला हवा होता, पण आला नाही. पॉलिश करणाऱ्याला देवनागरी येत नव्हती. ठिपक्यांच्या तिरक्या रेघा आणि त्यांच्या डोक्यावर मोडकीतोडकी आडवी रेघ. न वाचता येणाऱ्याला ते ओरखडेच. त्याने आपलं काम चोख केलं. चुकलं ते आमचं, की आम्ही त्याला सांगितलं नाही, ही अक्षरं आहेत म्हणून.

आईला फोनवर सांगायचं धाडस व्हायला आम्हाला महिना लागला. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "चार आणे दिले होते बाबांनी त्या माणसाला. उन्हात उभे राहून घालून घेतलं होतं." आणखी काही बोलली नाही. पुढच्या फोनला तिने तो विषय काढला नाही. आम्हीही नाही.

चालण्यातला दोष दुरुस्त होतो. पॉलिशने गेलेला धातू परत येत नाही. म्हणून मेलबर्नच्या वाचकांना आमचं सांगणं आहे की, तुमचं घड्याळ नुसतं बंद पडत असेल तर घाबरू नका. टिपण ठेवा, लेखी कळवा, मिळेल. आणि ज्यांचं घड्याळ अजून द्यायचंय त्यांनी देण्यापूर्वी या गोष्टी कराव्यात :

घड्याळाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मागच्या झाकणाचे तर तिरप्या उजेडात काढा. फॉर्मवर इंग्रजीत, ठळक लिहा : झाकणावर मजकूर कोरलेला आहे, पॉलिश करू नये. तबकडी, काटे, झाकण आमच्या लेखी परवानगीशिवाय बदलू नये. काढलेले जुने भाग परत द्यावेत. काही कंपन्या ते ठेवून घेतात, म्हणून आधी विचारा. जुन्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखा आणि खुणा ओरखडलेल्या सापडतात. ज्या ज्या घड्याळजीने ते उघडलं, त्यांनी आपली खूण ठेवलेली असते. झाकण बदललं की तो इतिहासही जातो. परत घेताना काउंटरवरच पुढून-मागून पाहा आणि टायमिंग मशीनच्या आकड्यांचा कागद मागा.

आम्ही दुसऱ्या खेपेला हे सगळं लिहिलं. त्यांचा निरोप आला, तबकडी पिवळी पडली आहे, नवी बसवून देऊ का? आम्ही लेखी कळवलं, नको. ती पिवळी तबकडी आमच्या मनगटावर आहे.

काही जण विचारतील, कंपनीतच कशाला? चांगला घड्याळजी पाहावा. अगदी खरं, पण इथे एक मेख आहे. बऱ्याच स्विस कंपन्या सुटे भाग आपल्या मान्यताप्राप्त कारागिरांखेरीज कोणाला विकत नाहीत. युरोपातल्या घड्याळजींच्या महासंघाने याविरुद्ध तक्रार केली होती. २०१४ मध्ये युरोपियन कमिशनने ती फेटाळली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या कोर्टानेही कमिशनचा निर्णय कायम ठेवला. ऑस्ट्रेलियात प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने दुरुस्तीच्या हक्काबद्दल चौकशी करून २०२१ मध्ये अहवाल दिला. मोटारींसाठी १ जुलै २०२२ पासून कायदा झाला, की दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी स्वतंत्र गॅरेजनाही विकत द्यायची. घड्याळांच्या सुट्या भागांना असं काही संरक्षण नाही. त्यामुळे सिडनीतला कितीही कसबी घड्याळजी एखाद्या चाकापाशी अडतो आणि म्हणतो, सर, हे कंपनीतच द्या.

याच्या उलट आमच्या सासऱ्यांचं एच.एम.टी. 'जनता'. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एच.एम.टी.ने बंगलोरला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि पुढे घरोघरी पहिल्या पगाराचं, लग्नाचं, निवृत्तीचं घड्याळ तेच झालं. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली.  तरी सासऱ्यांचं घड्याळ ठणठणीत आहे. पुण्यातला त्यांचा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून पाऊण तासात ते खोलतो, जुन्या डबीतून चाक शोधून बसवतो आणि शंभरदा सांगितलं तरी पावती देत नाही. पॉलिशही करत नाही. "त्याचं पॉलिश झालंय मनगटावर," असं म्हणतो.

दोन्हींत डावं-उजवं करायचं नाही. पाण्याच्या दाबाची चाचणी त्या डबीवाल्याकडे होत नाही, आणि बिघडलं तर दाद मागायला हातात कागद नसतो. मात्र त्याला झाकणावरची अक्षरं वाचता येतात. इथे ती आपल्यालाच वाचून दाखवावी लागतात.

हॅरिस पार्कमधल्या एका सोनारांनी आम्हाला ती ओळ मशीनवर पुन्हा कोरून द्यायची तयारी दाखवली. छान, सरळ, एकसारखी अक्षरं येतील म्हणाले. आम्ही अजून दिलेलं नाही. पुढच्या डिसेंबरात साताऱ्याला जातोय. भांड्यांवर हाताने नावं घालणारा कोणी अजून बसतो का, ते आईलाच घेऊन पाहणार आहोत. नाही मिळाला तर नुसतं १९६८ राहील.

तुमच्याकडेही असं एखादं घड्याळ असेल तर आजच त्याच्या पाठीचा फोटो काढून ठेवा, आणि सर्व्हिसिंगचा तुमचा अनुभव आम्हाला जरूर कळवा. कंपनीचं नाव मात्र लिहू नका. संपादक आमच्यावर रागावतात.

भेटू या पुढच्या अंकात.